मियाटा नावाला जागते का?

प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी गाडीवेडा असतोच. त्याला सहज विचारून बघा, ‘कमी पैशांत जास्तीत जास्त मजा देणारी स्पोर्ट्स कार कोणती रे?’ तो क्षणभरही थांबणार नाही. ‘मियाटा!’ मग पुढचा प्रश्न टाका, ‘का?’ इथे मात्र गाडी अडते. ‘का म्हणजे काय? मियाटा आहे ती!’

जगभरच्या गाडीवेड्यांमध्ये आता याचा विनोदच झालाय. प्रश्न कुठलाही असो, उत्तर मियाटा. बर्फात चालवायला? मियाटा. पहिली गाडी? मियाटा. दोन मुलं आणि कुत्रा आहे? दोन मियाटा घे! तीस-पस्तीस वर्षं जुनी, दोनच सीटची, कापडी छपराची एक जपानी गाडी. तिच्याबद्दल लोक इतक्या श्रद्धेने बोलतात, की शंका आलीच पाहिजे. एखाद्या गोष्टीचं सगळेच कौतुक करायला लागले, की ‘हे खरंच आहे, की सगळे एकमेकांचं ऐकून बोलतायत?’ हा प्रश्न विचारायचा असतो. आम्हाला मास कॉमच्या वर्गात पहिल्या सेमिस्टरपासून हेच घोकवलंय. म्हणून आज आपण तोच प्रश्न या गाडीला विचारूया.

‘आम्हाला काय त्याचं, ती तर इथे मिळतही नाही,’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. माझदा ही कंपनी भारतात कार विकत नाही. आपल्याला हे नाव माहीत आहे ते ‘स्वराज माझदा’मुळे. तुमच्यापैकी अनेकांच्या शाळेच्या बसवर किंवा भाजीच्या ट्रकवर ते लिहिलेलं होतं. परदेशातून जुनी मियाटा आणावी, तर वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही. नियमात बसणारी नवी आणली, तर आयात शुल्काचा मोठा भुर्दंड.

पण आपल्याकडून दरवर्षी कितीतरी मुलं-मुली शिकायला इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियाला जातात. तिथे ही गाडी विद्यार्थ्याच्या आवाक्यात येऊ शकते आणि तिथला प्रत्येक गाडीवेडा तिचंच नाव पुढे करतो. माझा आतेभाऊ सध्या याच पेचात आहे. तो साताऱ्याचा. मेकॅनिकल करून मास्टर्ससाठी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला गेला आणि पार्ट-टाइम कामाचे पैसे साठवत एका लाल मियाटाच्या प्रेमात पडला. त्यामुळे हा लेख म्हणजे नुसती गंमत नाही. कुणाच्या तरी कष्टाचे चार लाख रुपये यात अडकणार होते.

आधी गोष्ट, मग निकाल

या गाडीची कल्पना सुचली ती एका पत्रकाराला. (आमच्या डिपार्टमेंटने हे वाक्य फ्रेम करून लावायला हरकत नाही.) बॉब हॉल हा मोटारींवर लिहिणारा अमेरिकन पत्रकार. १९७९मध्ये माझदाच्या संशोधन विभागाचे तेव्हाचे प्रमुख केनिची यामामोतो यांनी त्याला विचारलं, आमच्या कंपनीने पुढे कोणती गाडी बनवावी? हॉलचं उत्तर साधं होतं : जुन्या इंग्लिश रोडस्टरसारखी हलकी, उघडी, साधी, स्वस्त स्पोर्ट्स कार.

रोडस्टर म्हणजे दोन सीट, कापडी छप्पर आणि बाकी फारसं काही नाही. एमजी, ट्रायम्फ, लोटस अशा इंग्लिश कंपन्यांनी पन्नास आणि साठच्या दशकांत अशा गाड्या भरपूर बनवल्या. दिसायला देखण्या, चालवायला धमाल. पण तेल गळायचं, पावसात छप्पर गळायचं आणि दिवे कधी दगा देतील याचा नेम नसायचा. पुढे अमेरिकेत सुरक्षेचे आणि धुराचे नियम कडक झाले. त्या नियमांत बसवता बसवता या गाड्या जड आणि सुस्त होत गेल्या. १९८०मध्ये एमजीबी बंद झाली, ट्रायम्फ स्पिटफायरही त्याच वर्षी. स्वस्त रोडस्टर हा प्रकारच जवळपास संपला.

१९८१मध्ये हॉल माझदाच्या अमेरिकेतल्या ऑफिसात नोकरीला लागला. पुढे कंपनीने आपल्याच दोन टीममध्ये स्पर्धा लावली. टोकियोच्या टीमचं म्हणणं, इंजिन पुढे ठेवून ताकद पुढच्या चाकांना द्या किंवा इंजिन मधे बसवा. कॅलिफोर्नियाच्या टीमचं म्हणणं, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, जुन्या इंग्लिश गाड्यांसारखी. जिंकली कॅलिफोर्निया. चालता प्रोटोटाइप इंग्लंडमधल्या एका फर्मकडून बनवून घेतला आणि १९८५मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या रस्त्यांवर फिरवून पाहिला. लोक वळून वळून बघत होते. तिथून गाडी कागदावरून कारखान्याकडे सरकली.

प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनी टीमला एक जपानी शब्दप्रयोग दिला : ‘जिन्बा इत्ताई’. म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे खंडोबाच्या यात्रेत किंवा शंकरपटात ज्यांनी जनावर आणि माणूस एका लयीत पळताना पाहिलेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये गाडी लोकांसमोर आली. अमेरिकेत ‘मियाटा’, युरोपात ‘एमएक्स-५’, जपानमध्ये ‘युनोस रोडस्टर’. मियाटा हा जुन्या जर्मन भाषेतला शब्द, अर्थ ‘बक्षीस’. अमेरिकेतली किंमत होती १३,८०० डॉलर. मागणी इतकी, की काही डीलर वरचे पैसे घेऊन गाडी विकत होते.

ही झाली गोष्ट. आता तिच्याबद्दलचे पाच दावे एकेक करून तपासूया.

दावा पहिला : तिने उघड्या स्पोर्ट्स कारला पुन्हा जिवंत केलं

हे तपासायला सोपं आहे. तारखा बघायच्या. मियाटा आली १९८९मध्ये. त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत कोण कोण आलं? एमजीएफ आणि फियाट बार्केटा १९९५मध्ये. बीएमडब्ल्यू झेड-३ त्याच सुमारास. मर्सिडीज एसएलके, पोर्शे बॉक्सस्टर आणि लोटस एलिस १९९६मध्ये. दशकभर ज्या वर्गात शुकशुकाट होता, तिथे अचानक रांग लागली. माझदाने दाखवून दिलं होतं, की गिऱ्हाईक गेलेलं नव्हतं, माल संपला होता.

स्वतः मियाटाचं काय? पहिल्या पिढीच्याच चार लाखांहून जास्त गाड्या बनल्या. जगात सर्वाधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून २०००मध्ये गिनीज बुकात नाव गेलं. २०१६मध्ये दहा लाखांचा आकडा पार झाला आणि त्याच वर्षी चौथ्या पिढीच्या मॉडेलने ‘वर्ल्ड कार ऑफ द इयर’ पटकावलं.

निकाल : दावा खरा. यात वाद नाही.

दावा दुसरा : ताकद कमी, पण मजा जास्त

इथे थोडं गणित करावं लागेल. घाबरू नका, भागाकारच आहे.

पहिल्या मियाटाचं इंजिन १.६ लीटरचं. ताकद साधारण ११५ हॉर्सपॉवर. आजच्या हिशेबात हे काहीच नाही. कॉलेजच्या पार्किंगमध्ये सरांची लावलेली साधी टर्बो एसयूव्हीसुद्धा एवढी ताकद देते. ० ते १०० किलोमीटरचा वेग गाठायला मियाटाला साडेआठ-नऊ सेकंद लागतात. आजची बरी इलेक्ट्रिक कार तिला सिग्नलवर आरामात मागे टाकेल.

मग मजा कसली? उत्तर वजनात आहे. ही गाडी जेमतेम साडेनऊशे ते हजार किलोची. तुलना करायची तर आपली लाडकी थार घ्या. नाशिकमध्ये बनते आणि कापडी छपराचीही मिळत असे. पेट्रोल थारची ताकद दीडशे हॉर्सपॉवर, म्हणजे मियाटापेक्षा बरीच जास्त. पण थारचं वजन दीड टनाहूनही बरंच वर. दर टनामागे ताकद काढली तर मियाटा पुढे निघते. थारचं काम वेगळं, तिला डोंगर चढायचाय. मुद्दा एवढाच, की नुसत्या हॉर्सपॉवरच्या आकड्यावरून गाडी ओळखता येत नाही.

अजून पटत नसेल तर घरातल्या मोठ्यांना यामाहा आरएक्स १००बद्दल विचारा. ९८ सीसी आणि अकरा हॉर्सपॉवरच्या आसपास. कागदावर बघाल तर आज हसाल. पण अंगाने इतकी हलकी, की अ‍ॅक्सिलरेटर पिळला की बाण सुटायचा. १९९६मध्ये ती बंद झाली, तरी चांगल्या अवस्थेतल्या आरएक्ससाठी लोक आजही वाट्टेल ती किंमत मोजतात. मियाटाचं गुपित तेच. फरक एवढाच, की तिला चार चाकं आहेत आणि ती वळणासाठी जन्माला आलीय.

कारण माझदाने वजन फक्त कमी केलं नाही, ते जागच्या जागी वाटलंही. पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास निम्मं निम्मं. त्यासाठी बॅटरीसुद्धा इंजिनाशेजारून उचलून मागे डिकीत ठेवली. बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरेन्शियल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची एक चौकट आहे, त्यामुळे पाय दाबला की मधे काही सैल न होता ताकद थेट चाकांपर्यंत जाते. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, जे तेव्हा महागड्या गाड्यांतच असायचं. आणि गिअरचा दांडा इतका आखूड, की गिअर बदलायला हात हलवावा लागत नाही, मनगट पुरतं.

भावाने पहिल्यांदा चालवल्यानंतर फोन केला तेव्हा त्याने ताकदीचा एकदाही उल्लेख केला नाही. तो म्हणाला, ‘अगं, चाळीसच्या स्पीडला वळण घेतलं ना, तरी ऐंशीला असल्यासारखं वाटलं. जमिनीला हात लागेल इतके खाली बसतो आपण!’ आता विचार करा. ज्या गाडीत मजा यायला दीडशेचा स्पीड लागतो, ती मजा तुम्ही रोज घेऊ शकता का? लायसन्सही जाईल आणि कदाचित जीवही. जी गाडी कायद्यात राहून, कमी वेगात हसवते, ती विद्यार्थ्यासाठी जास्त शहाणी नाही का?

निकाल : दावा खरा. पण लांबचा सरळ हायवे आणि कमी वेळेत पोहोचायची घाई असेल, तर ही गाडी तुमची नाही. तिथे वाऱ्याचा आवाज आणि घुमणारं इंजिन तासाभरात डोकं उठवतात.

दावा तिसरा : बिघडतच नाही

इंग्लिश रोडस्टरची मजा आणि जपानी गाडीचा भरवसा, ही मियाटाची खरी जाहिरात. बऱ्याच अंशी ती खरी आहे. इंजिन साधं, जागा मोकळी, बरीच कामं घरी पाने घेऊन करता येतात. टायमिंग बेल्ट साधारण एक लाख किलोमीटरच्या आत बदलावा लागतो. पण तो तुटला तरी या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटत नाहीत, त्यामुळे इंजिनाचा चुराडा होत नाही. पार्ट मिळतात आणि मिळत राहतील, कारण माझदाने स्वतःच २०१७मध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून देण्याचा उपक्रम जपानमध्ये जाहीर केला. छप्पर, स्टीअरिंग व्हील, इतकंच काय, मूळ डिझाइनचे टायरही पुन्हा बनवून घेतले. तीस वर्षं जुन्या स्वस्त गाडीसाठी असं करणाऱ्या कंपन्या फार नाहीत.

मग अडचण कुठेय? अडचणीचं नाव गंज.

छपरावर पडलेलं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांमधून खाली वाहून जातं. या नळ्यांत पाला-कचरा अडकला, की पाणी आतच साचतं आणि दाराखालची पत्र्याची पट्टी, जिला तिकडे सिल म्हणतात, ती आतून सडायला लागते. बाहेरून रंग चकचकीत आणि आत पापड. त्यात इंग्लंडमध्ये थंडीत रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. कोकणातल्या पत्र्याच्या शेडचं काय होतं ते आठवा, म्हणजे कल्पना येईल. सिल ही शोभेची पट्टी नाही. छप्पर नसलेल्या गाडीत सगळा भार तळालाच पेलायचा असतो. ती सडली, की गाडीचा कणाच गेला.

भाऊ जी लाल गाडी बघत होता, तिची किंमत होती साडेतीन हजार पौंड. १९९१चं मॉडेल, विकणारा गोडबोल्या. ‘एकदम टकाटक, एकही खर्च नाही.’ भावाने व्हिडिओ कॉलवर मला गाडी दाखवली. दिवे वर उचलले जायचे तेव्हा मीसुद्धा ओरडले, खोटं कशाला सांगू! पहिल्या पिढीचे ते बेडकासारखे वर येणारे दिवे हा अर्धा जादूटोणाच आहे. १९९८च्या दुसऱ्या पिढीपासून ते गेले.

पण आतोबांच्या आरएक्सवर लहानपणापासून हात काळे केलेला माझा भाऊ गुडघ्यावर बसला. मागच्या चाकाच्या पुढे, दाराखाली, रंगाला बारीक फोड आले होते. त्याने लोहचुंबक लावून पाहिलं. एका जागी ते चिकटलंच नाही. म्हणजे तिथे पत्रा नव्हता. आपल्याकडचा डेंटिंग-पेंटिंगवाला जशी लांबी भरतो, तशी लांबी भरून वर लाल रंग मारलेला. त्याने तिथेच फोनवर गाडीचा नंबर टाकून तिचे जुने तपासणी रिपोर्ट काढले. इंग्लंडमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात, आणि तिचा इतिहास कुणालाही फुकट बघता येतो. सलग दोन वर्षं तिथे शेरा होता : सिल गंजतेय.

विकणारा म्हणाला, ‘सगळ्याच मियाटांना थोडा गंज असतो.’

निकाल : इंजिनाबद्दल दावा खरा, पत्र्याबद्दल खोटा. आणि हा फरक जुनी गाडी घेताना जन्मभर लक्षात ठेवा. नाव मॉडेलचं असतं. गंज मात्र ज्याच्या त्याच्या गाडीचा असतो. दहा लाख गाड्यांनी कमावलेलं नाव विकणारा आपल्या एका सडक्या गाडीला चिकटवतो आणि त्याचे पैसे घेतो.

दावा चौथा : स्वस्त आहे

हा दावा आता जुना झालाय. दहा-पंधरा वर्षांपूर्वी पहिल्या पिढीची मियाटा खरंच कवडीमोलाने मिळायची. पण नाव वाढलं, गाड्या गंजून कमी झाल्या आणि नव्वदच्या दशकात ज्यांच्या खोलीत तिचं पोस्टर होतं ते आता कमावते झाले. चांगल्या गाडीची किंमत त्यामुळे वर गेलीय. दुसरी आणि तिसरी पिढी अजून तुलनेने स्वस्त आहे. मजा जवळपास तीच, फक्त दिवे उचलले जात नाहीत.

पण विद्यार्थ्याला गाडीची किंमत मारत नाही, बाकीचं मारतं. भावाने हिशेब मांडला. विम्याचा आकडा गाडीच्या निम्म्या किमतीला टेकला. तरुण ड्रायव्हर, इंग्लंडमधला गाडी चालवायचा अनुभव शून्य आणि वर स्पोर्ट्स कार. विमा कंपनीच्या दृष्टीने हे तिन्ही गुन्हे. भारतीय लायसन्स तिथे पहिले बारा महिनेच चालतं, पुढे तिथली परीक्षा द्यायची, तिचा खर्च वेगळा. पेट्रोल लिटरला दहा-बारा किलोमीटर. एका गल्लीत घर घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे गॅरेज नसतं, म्हणजे गाडी पावसात उभी, म्हणजे पुन्हा गंज. आणि स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं. त्या वीस तासांत भाडं, जेवण आणि मग उरलं तर मियाटा.

त्यात सामानाचा प्रश्न. डिकीत एक छोटी बॅग आणि एक सॅक. घर बदलायचं असेल तर गादी कुठे ठेवणार? विमानतळावर आई-बाबा आले तर कुणाला घेणार, आईला की बाबांना? हा प्रश्न मी विचारला तेव्हा भाऊ बराच वेळ गप्प होता.

निकाल : स्पोर्ट्स कार म्हणून स्वस्त. विद्यार्थ्याची गाडी म्हणून नाही.

दावा पाचवा, जो कुणी नीट तोंडावर बोलत नाही : ‘मुलींची गाडी’

इंग्लंड-अमेरिकेत तिला चिडवायला ‘हेअरड्रेसरची गाडी’ म्हणतात. अर्थ तोच, जो आपल्याकडे कॉलेजच्या गेटवर स्कूटीवरून येणाऱ्या मुलाला ऐकवला जातो. छोटी, गोल, हसऱ्या चेहऱ्याची गाडी मर्दाला शोभत नाही म्हणे. गंमत म्हणजे हीच गाडी जगात प्रचंड प्रमाणात रेसिंगला वापरली जाते. अमेरिकेत तर ‘स्पेक मियाटा’ नावाचा रेसिंगचा स्वतंत्र वर्गच आहे. सगळ्यांच्या गाड्या जवळपास सारख्या, त्यामुळे पैसा नाही, ड्रायव्हर जिंकतो. कमी ताकदीच्या गाडीला वेगात वळणातून काढायला जास्त कसब लागतं. ज्याला ते जमत नाही, तो हॉर्सपॉवर विकत घेतो आणि दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवतो.

निकाल : दावा पोकळ. आणि मुलींची असती, तरी बिघडलं काय असतं?

एक बाजू मात्र गंभीरपणे सांगायला हवी. ही गाडी जुन्या काळची आहे. सुरुवातीच्या अनेक गाड्यांत, विशेषतः अमेरिकेबाहेरच्या, एअरबॅग नाही. गाडी घसरली तर सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तर नाहीच. ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे ओल्या रस्त्यावर वळणात जास्त अ‍ॅक्सिलरेटर दिला, की मागचा भाग सटकतो. वर छप्पर कापडाचं. ज्याला रील काढायला स्टंट करायचेत, त्याने या गाडीच्या वाटेला जाऊ नये. ती माफ करते, पण प्रत्येक वेळी नाही.

बघायला गेलात तर

तुम्ही शिकायला बाहेर गेलात आणि असं प्रेम जडलंच, तर भावाच्या अनुभवातून तयार झालेली ही यादी जपून ठेवा. यातली निम्मी कलमं इथे सेकंडहँड गाडी घेतानाही चालतील.

• पाऊस पडून गेल्यावर गाडी बघायला जा. सीटमागचं कार्पेट उचलून हात लावा. ओलं असेल तर पाण्याच्या नळ्या तुंबल्यात.

• दाराखालची पट्टी आणि मागच्या चाकावरची कमान, दोन्हीकडे लोहचुंबक फिरवा. फोड आलेला रंग म्हणजे आत सडलेला पत्रा.

• छपराची मागची खिडकी जुन्या गाड्यांत प्लास्टिकची असते. पिवळी पडली, चिरली, तर छपराचा खर्च धरा.

• टायमिंग बेल्ट कधी बदलला, त्याची पावती मागा. ‘बदललाय हो’ ही पावती नव्हे.

• १९९१पर्यंतच्या काही इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. बेल्टच्या कामात तिथला बोल्ट नीट कसला गेला नसेल तर खाच झिजते आणि दुरुस्ती महागात पडते. माहितगार मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

• क्लच दाबून बघा. पाय सहज खाली गेला आणि गिअर खरखरत पडला, तर क्लचचा सिलिंडर गळतोय. काम मोठं नाही, पण भाव पाडायला उपयोगी.

• गाडी बघायच्या आधी विम्याचा आकडा काढा. नंतर काढलात तर मन ऐकत नाही.

• एकट्याने जाऊ नका. सोबत असा मित्र न्या, ज्याला ती गाडी आवडत नाही.

मग नाव सार्थ की नाही?

पाच दाव्यांपैकी इतिहासाचा आणि मजेचा, असे दोन पूर्ण खरे निघाले. भरवशाचा अर्धा खरा, स्वस्ताईचा मुदत संपलेला आणि टोमणा तर फुकटचाच. माझ्या मते मियाटाने नाव कमावलंय, उसनं घेतलेलं नाही. पस्तीस वर्षांपूर्वी, सगळे जास्त मोठं, जास्त जड, जास्त ताकदवान बनवत असताना काही लोकांनी विचारलं, की चालवणाऱ्याला आनंद कशाने होतो? उत्तर आलं, कमी वजनाने. आज आपल्याकडे सनरूफमधून डोकं बाहेर काढण्याला मोकळी हवा म्हणतात आणि दोन माणसं दोन टनांची गाडी घेऊन कॉफी प्यायला जातात. अशा वेळी हा प्रश्न पुन्हा विचारण्यासारखा आहे.

कॉव्हेंट्रीचा एक किस्सा सांगायलाच हवा. स्पिटफायर बनवणाऱ्या ट्रायम्फचा कारखाना याच शहरात, कॅनलीला होता. इंग्लिश रोडस्टरच्या गावात साताऱ्याचा मुलगा इंग्लिश रोडस्टरची जपानी आवृत्ती शोधत फिरतोय. जग गोल आहे म्हणतात ते हेच असावं.

लाल गाडी त्याने घेतली नाही. विकणाऱ्याने शेवटी एक हजार पौंड कमी करायची तयारी दाखवली, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. आता तो डिग्री झाल्यावर, नोकरी लागल्यावर दुसऱ्या पिढीची, न गंजलेली गाडी बघणार आहे. तोवर बस आणि सायकल. साठवलेले पैसे अजून खात्यात आहेत.

तुमच्यासमोरही कधी तरी अशी एखादी ‘लाल गाडी’ येईल. ती गाडीच असेल असं नाही. कॉलेज असेल, कोर्स असेल, पहिली नोकरी असेल. सगळे म्हणतील, ‘नाव आहे बाबा त्याचं!’ तेव्हा नावाला नमस्कार जरूर करा. आणि मग गुडघ्यावर बसून, खिशातलं लोहचुंबक काढून, दाराखाली एकदा लावून बघा.